एक जूनची माणसं

हरेश्वर कोळीचा वाढदिवस एक जूनला येतो, आणि त्या दिवशी तो जन्मलेला नाही. ही गोष्ट अंधेरीच्या ऑफिसात त्याने चौदा वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. सांगितली म्हणून केक कुणी परत नेला नसता, पण ताटात आलेलं नाकारू नये अशी त्याची शिकवण.

खरी हकिगत त्याची आई कमळ सांगते. हरेश्वर झाला तेव्हा मनोरीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले होते, म्हणजे दिवाळी होऊन गेलेली. पुढे सहा वर्षांनी बाप काशीराम पोराला शाळेत घालायला घेऊन गेला. मास्तरांनी जन्मतारीख विचारली. काशीरामने बोंबलांचं सांगितलं. मास्तरांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि रजिस्टरात 'एक जून' असं लिहिलं. रांगेत मागे उभ्या असलेल्या आणखी दहा पोरांचे जन्मही त्यांनी त्याच तारखेला उरकून टाकले आणि ते चहाला गेले. तालुक्याच्या गावी शिकलेल्या माणसाला यात नवल वाटायचं नाही. तिथे अर्धा वर्ग एक जूनचा असतो आणि उरलेल्या अर्ध्याचे बाप नोकरदार असतात.

असा हा एक जूनचा हरेश्वर आता अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे आणि वेबसाइटी बनवतो. आईला विचाराल तर ती सांगते, "हरेशा कंप्युटरवर पाट्या रंगवतंय." तिचं फार चुकत नाही. बारावीनंतर सकाळी आईच्या मासळीच्या पाट्या बाजारात पोचवायच्या आणि दुपारी मालाडच्या एका क्लासात बसायचं, असा त्याचा अभ्यास झाला. पहिली वेबसाइट त्याने मनोरीच्या एका सुट्टीच्या बंगल्याची केली. तिच्यावरचा समुद्राचा फोटो उघडायला इतका वेळ लागायचा, की तोवर गिऱ्हाईक मार्वेच्या जेट्टीवर पोचून खरा समुद्र बघायचं. तरी बंगला भरायचा, आणि हरेश्वरला वाटलं की आपल्याला हे जमतंय.

अजून तो मनोरीतच राहतो. सकाळी स्कूटर फेरीबोटीत चढवतो, मार्वेला उतरवतो आणि तासाभरात मरोळच्या गाळ्यात हजर होतो. तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, खाली लग्नपत्रिकांचा छापखाना. अकरा माणसं. मालक प्रीतम चाळिशीचा आहे. एकेकाळी तो हरेश्वरच्या हाताखाली काम शिकला आणि मग त्यानेच हरेश्वरला नोकरीला ठेवला. अजूनही तो त्याला 'हरेशदा, तुम्ही' म्हणतो आणि हरेश्वर त्याला 'तू' म्हणतो. पगारपत्रकावर सही मात्र प्रीतमची असते.

या ऑफिसात एक फळा आहे. शाळेतला असावा तसा, पण पांढरा, पाण्याच्या पिंपाच्या वर टांगलेला. तो हरेश्वरने आणला. कोडमध्ये ज्याची चूक होईल त्याने ती तिथे स्वतःच्या हाताने, शुद्ध मराठीत लिहायची आणि खाली सही करायची. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मग खाली टपरीवर जाऊन सगळ्यांसाठी किटलीतून चहा आणायचा, आणि तो पिता पिता चूक कशी झाली ते बसून सांगायचं. ओरडा नाही, तोंडं पाडणं नाही. नव्याने आलेल्या पोरांना पहिल्या आठवड्यात हे विचित्र वाटतं. दुसऱ्या आठवड्यात ती स्वतःच चहा आणायला निघालेली असतात.

ही पद्धत हरेश्वरने कुठल्या पुस्तकातून घेतलेली नाही. मनोरीला काशीरामच्या वेळी रीत होती: ज्याचं जाळं पाण्यातल्या खडकावर फाटलं, त्याने बंदरावर आल्यावर तो खडक कुठे लागला ते सगळ्यांना सांगायचं. लोक हसायचे. हसू द्यायचं. पण दुसऱ्या दिवशी कुणाचं जाळं तिथे फाटायचं नाही. काशीराम म्हणायचा, लाज घरी नेली तर खडक दर्यात राहतो.

त्या फळ्यावर हरेश्वरचं नाव वर्षातून एखाद वेळी यायचं. तो मुळात सावध गडी. शुक्रवारी नवीन काही साइटवर चढवायचं नाही, दुसऱ्याने वाचल्याशिवाय एक ओळ पुढे सरकवायची नाही, आणि कुठल्याही यादीला हात लावण्याआधी तिची जशीच्या तशी प्रत बाजूला ठेवायची, हे त्याचे नियम. पोरं त्याच्या मागे त्याला 'दोर' म्हणायची. किनाऱ्याला बांधल्याशिवाय हा माणूस होडीत पायच ठेवत नाही म्हणून.

तर या वर्षी कंपनीकडे मुलुंडच्या एका धर्मादाय ट्रस्टचं काम आलं होतं. ट्रस्ट म्हाताऱ्या माणसांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया फुकट करायचा. दर महिन्याला एक शिबिर, साठ माणसं. नावनोंदणी आधी वहीत, मग एक्सेलमध्ये, आणि आता वेबसाइटवर. जुन्या यादीत, शस्त्रक्रिया होऊन गेलेल्यांसकट, तेरा हजार नावं होती, आणि ज्यांचा नंबर लवकर लागेना त्यांनी दोनदा-दोनदा नावं घातलेली होती. ती यादी झाडून घ्यायचं काम एप्रिलमध्ये हरेश्वरने स्वतः अंगावर घेतलं.

त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला 'झाडू' असं नाव दिलं. एकाच माणसाच्या दोन नोंदी कशा ओळखायच्या? पोरांनी सुचवलं, मोबाइल नंबरवरून. हरेश्वर हसला. "बाबांनो, म्हाताऱ्यांचा नंबर त्यांचा नसतो. तो सुनेचा असतो, नाहीतर नातवाचा. आणि नातू दिवाळीला नवीन घेतो." हे अगदी बरोबर होतं. मग त्याने ठरवलं की नाव, आडनाव आणि जन्मतारीख या तिन्ही गोष्टी जुळल्या तर माणूस एकच. नंबर बदलतो, पत्ता बदलतो, जन्मतारीख कुठे बदलते?

ऋतिकाने तो प्रोग्रॅम वाचला. ती बोरीवलीची, तेवीस वर्षांची, आणि तिच्या वाचण्यातून सहसा काही सुटत नसे. तिनेही हो म्हटलं. झाडू फिरला. चारशे बारा नोंदी निघाल्या. यादी लखलखीत झाली आणि ट्रस्टचे व्यवस्थापक चंद्रप्रकाश साहेब, जे बँकेतून निवृत्त झाले होते आणि कशालाच चांगलं म्हणत नसत, ते 'ठीक' म्हणाले.

आता एक जून. सोमवार. साइटवर एक गंमत प्रीतमच्या हौसेखातर घातलेली होती: ज्याचा वाढदिवस असेल त्याला सकाळी दहाला शुभेच्छांचा मेसेज जायचा. मेमध्ये तो रोज वीसपंचवीस लोकांना जात होता आणि आजीआजोबा खूश होते. इकडे ऑफिसात दहाच्या सुमारास हरेश्वरचा केक कापला गेला. त्याने पहिला घास तोंडात घातला आणि ऋतिका लॅपटॉप हातात धरूनच आली.

"दादा, वाट लागली."

"कसली?"

"मेसेज पाठवणाऱ्या कंपनीने आपलं खातं थांबवलंय. म्हणतायत एकदम चार हजार मेसेज कसे. डेटा खराब झालाय ना. कुठेतरी जन्मतारखेचा रकाना कोरा होता आणि सिस्टिमने सगळीकडे एक जून भरलाय."

हरेश्वरने स्क्रीन पाहिला. यशोदा, एक जून. पांडुरंग, एक जून. सीताबाई, एक जून. ओळीच्या ओळी. तो हसायला लागला. एवढं हसला की क्रीम शर्टावर सांडलं.

"खराब नाही गं झालेला. हा अस्सल माल आहे. ही सगळी मास्तरांनी जन्माला घातलेली माणसं."

"म्हणजे?"

मग त्याने चौदा वर्षं पोटात ठेवलेली बोंबलांची गोष्ट सांगितली. पोरं खिदळली. कुणी म्हणालं, दादा, म्हणजे चौदा केक तुम्ही फसवून खाल्लेत. कुणी म्हणालं, दिवाळीनंतर परत कापू ना. प्रीतमने खरी तारीख कुठली ते विचारलं, आणि हरेश्वर म्हणाला, "ती बोंबलांना ठाऊक..." आणि मध्येच थांबला.

हातातली प्लेट त्याने हळूच टेबलावर ठेवली. तो काय विचार करतोय ते ऋतिकाला क्षणभर कळलं नाही, आणि मग कळलं.

"दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "झाडू."

ज्या यादीत तेरा हजारांतली चार हजार माणसं एकाच तारखेला जन्मलेली आहेत, तिथे नाव आणि तारीख जुळली म्हणजे माणूस एकच, हा नियम लिहिला होता. आणि कुणी लिहिला होता? मुंबईच्या इस्पितळात मिनिटासकट जन्मलेल्या एखाद्या पोराने नाही. एक जूनच्या माणसाने लिहिला होता. जी तारीख आपलीच खोटी आहे तिच्यावर त्याने इतरांचं खरेपण तोललं होतं.

एप्रिलची प्रत बाजूला ठेवलेली होतीच. ती काढली. झाडूने काढलेल्या चारशे बारांपैकी तीनशे सहा एक जूनच्या होत्या. परत चढवायला दहा मिनिटं लागली असती. पण चौदा नोंदी अशा निघाल्या, की त्या काढल्या नसत्या तर त्यांचा नंबर मेच्या शिबिरातच लागला असता. ते शिबिर होऊन गेलं होतं. पुढचं शिबिर गुरुवारी, म्हणजे तीन दिवसांनी. त्याच्या साठ जागा भरलेल्या. आणि ते पावसाळ्याआधीचं शेवटचं. त्यानंतर ट्रस्ट थेट गणपतीनंतर शिबिर घ्यायचा.

दुपारी हरेश्वर आणि ऋतिकाने फोन वाटून घेतले. चौदांतली पाच माणसं खरोखरच दोनदा नाव घातलेली निघाली. त्यांतले एक आजोबा म्हणाले, "दोनदा काय, चारदा घातलंय, तुम्हाला दोनच सापडली?" पण आठ माणसं खरी निघाली, ज्यांचं यादीत आता नावच नव्हतं. बोरीवलीच्या वनमालाबाई म्हणाल्या, "मी मे महिनाभर फोन उशाशी घेऊन बसले. सून म्हणाली, आई, तुमचा नंबर लागला नसेल. लागला होता का?"

ऋतिकाने फोन पुढे केला. हरेश्वरने फोन घेतला. "लागला होता, मावशी. मी घालवला."

चौदावा, दशरथ सावंत, मानखुर्द. त्याचा फोन लागेना.

संध्याकाळी पाचला प्रीतमने हरेश्वरला आपल्या खोलीत बोलावलं. प्रीतम वाईट माणूस नाही. अकरा लोकांचे पगार त्याच्या डोक्यावर आणि ट्रस्टच्या पुढच्या वर्षीच्या कराराची बैठक बुधवारी होती.

"नावं परत चढवा. आजच. कुणाला कळायचंही नाही. आणि फळ्यावर लिहा, मी कुठे नको म्हणतोय? सगळ्यांना चहा मी पाजतो. पण फळा आपला आहे ना हरेशदा. तो मुलुंडला कशाला नेताय?"

"चढवली तर ते रांगेत शेवटी जातील."

"मधे घालू ना. त्यांच्या मूळ जागी."

"मूळ जागा मेमध्ये होती, प्रीतम. ती तारीखच गेली. गुरुवारी जागा करायची तर ती चंद्रप्रकाश करू शकतो, आणि त्याला कारण सांगावं लागेल."

"गणपतीनंतर झाली तर काय होईल? चार महिने."

हरेश्वर म्हणाला, "तू चार महिने डोळ्यांवर दुधाची पिशवी बांधून कोड लिही. मग ठरवू."

प्रीतमने कपाळ चोळलं. "करार गेला तर?"

"तर तू मला काढ. तुला सांगायला कारणही होईल."

"तुम्हाला काढून मी काय करू," प्रीतम वैतागून म्हणाला. "जा. पण बुधवारच्या बैठकीआधी सांगा. नंतर कळलं तर मरूच."

त्या संध्याकाळी हरेश्वर घरी पोचला तेव्हा कमळ ओट्यावर सुरमई साफ करत होती. पंच्याहत्तरी गाठली तरी तिचा हात थांबलेला नाही. तिने मान वर न करताच विचारलं, "काय रं, थोबार का परलंय तुजा? आज बड्डे ना मास्तरांचा?"

त्याने तिला थोडक्यात सांगितलं. दोन माणसं, एक नाव, एक तारीख, आणि त्याने एकाला पुसून टाकलं.

कमळने खवले झटकले. "गावान कमळ किती हान, ठाव हाय क?"

"किती?"

"पाच व्हत्या. येक मेली. मंग काय, चार कमळी म्हंजे येकच कमळ झाली क? तारीख कोन इचारतंय? कोनाची कमळ, ह्ये इचारतान. काशीरामाची कमळ म्हंजे मी. झाला."

हरेश्वर सुरमईकडे बघत राहिला. जुन्या एक्सेलमध्ये एक रकाना होता: वडील किंवा पती यांचं नाव. नवीन फॉर्ममध्ये तो नव्हता. आणि जुन्यातला वापरावा, असं झाडू लिहिताना त्याच्या मनातही आलं नव्हतं, कारण निम्म्या ओळींत तो कोरा होता. निम्म्या ओळींत भरलेला होता, याकडे त्याने पाहिलंच नव्हतं.

मंगळवारी सकाळी तो मुलुंडला गेला. ऋतिका सोबत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "मीही वाचलं होतं ना, दादा," एवढंच ती म्हणाली.

चंद्रप्रकाश साहेबांनी सगळं ऐकलं. बँकेत असताना ते कर्जाचा अर्ज ज्या नजरेने बघत असतील त्या नजरेने त्यांनी हरेश्वरकडे बघितलं.

"म्हणजे तुमची चूक."

"माझी. एकट्याची."

"हे मला उद्या बैठकीत सांगावं लागेल."

"म्हणूनच आज आलो."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "तो वडिलांच्या नावाचा रकाना. तो मीच काढायला लावला होता. म्हटलं, फॉर्म छोटा करा, म्हाताऱ्यांना भरायला जड जातं." हे त्यांनी कुणालाच उद्देशून म्हटलं नव्हतं.

साहेबांनी शिबिराच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण साहेबांचा चेहरा हळूहळू सैल झाला. फोन ठेवून ते म्हणाले, "बाई आठऐवजी सहाला सुरू करतायत. नऊ जागा होतील. पण नऊही जण उद्या बारापर्यंत इथे तपासणीला पाहिजेत. रक्त, दाब, साखर. नववा कोण?"

"तो अजून सापडायचाय," हरेश्वर म्हणाला.

आठ जणांना फोन करायला ऋतिका तिथेच बसली. हरेश्वरने स्कूटर काढली आणि मानखुर्द गाठलं. यादीत पत्ता होता तो एवढाच: इमारत क्रमांक सतरा. खोली नाही, विंग नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एक प्रोग्रॅमर हातात कागद घेऊन जिने चढायला लागला. कंप्युटरवर हेच काम त्याने पापणी लवायच्या आत चारशे बारा वेळा केलं होतं.

सतरा नंबरच्या खालच्या किराणा दुकानदाराने विचारलं, "कुठला दशरथ सावंत? रिक्षावाला की मिलवाला?"

"वय पंच्याहत्तर."

"दोघंही म्हातारेच आहेत. रिक्षा आता पोरगा चालवतो."

हरेश्वरने फोनवर एप्रिलची प्रत उघडली. जुन्या रकान्यात लिहिलं होतं: भिवा. "भिवाचा दशरथ," तो म्हणाला. दुकानदाराने हात झटकले, पण दुकानात तांदूळ पाखडून घेणारी एक बाई वळली. "भिवाचो म्हणजे देवगडकडलो. गिरणीतलो. चौथो माळो, जिन्याच्या भायर खाट आसा बघ."

खाटेवर एक लुकडा म्हातारा बसला होता. पावलांच्या आवाजाकडे त्याने मान वळवली, नजर मात्र दाराच्या चौकटीवर राहिली.

"कोण तू?"

"हरेश्वर. मोतीबिंदूच्या यादीतून तुमचं नाव काढणारा."

"कित्याक काढलंस?"

"वाटलं तुम्ही दोनदा लिहिलंय. तुमच्याच नावाचा, तुमच्याच तारखेचा दुसरा एक आहे. भांडुपला."

"एक जूनचो?"

"एक जूनचा."

"तेचो डोळो झालो?"

"मेमध्ये झाला."

"बरा दिसता तेका?"

"काल फोनवर दिसतंय म्हणाला."

"मगे माझ्याकडे कित्याक इलंस? तेका सांग, माझ्या वाटणीचाय बघ म्हणान."

हरेश्वरला हसू आलं आणि ते आल्याची लाजही वाटली. तो जमिनीवर बसला. आपणही एक जूनचे, हे त्याने सांगितलं. मग दोघांनी मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि उद्या सकाळी स्कूटरवरून मुलुंडला जायचं ठरलं. म्हाताऱ्याने अटही घातली. "हळू चालव. माका दिसत नाय, पण भ्या वाटता."

बुधवारी बारापर्यंत नऊही जण हजर होते. वनमालाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या होत्या. आठ जण तपासणीत पास झाले. दशरथची साखर तीनशेच्या वर निघाली. डॉक्टरबाईंनी मान हलवली. एवढ्या साखरेवर डोळ्याला हात लावायचा नाही. औषध घ्या, गणपतीनंतर बघू.

हरेश्वरने विचारलं, "मेमध्ये किती असेल?"

"ते आता कसं सांगणार?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

ते कुणालाच सांगता येणार नव्हतं, आणि हरेश्वरला पुढे कितीतरी दिवस तेच टोचत राहिलं. परतताना स्कूटरवर त्याच्या पाठीमागून दशरथ म्हणाला, "जाव दे रे. साखर माझी, चूक तुझी. आपापला आपण बघूया." हे सांत्वन होतं की हिशेब, ते हरेश्वरला ओळखता आलं नाही.

गुरुवारी सकाळी सहाला सुरू झालेल्या शिबिरात आठ जणांचे डोळे झाले. कराराचं असं झालं, की ट्रस्टने वर्षाऐवजी सहा महिन्यांचा दिला आणि खाली एक कलम घातलं: यादीतून कुणाचंही नाव काढण्याआधी त्या माणसाला फोन करावा. प्रीतमने ते कलम दोनदा वाचलं आणि म्हणाला, "हरेशदा, हे तर आपल्याला आधीच सुचायला पाहिजे होतं."

शुक्रवारी फळ्यावर हरेश्वरच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: 'माझ्याच जन्मतारखेवर मी विश्वास ठेवला. त्यामुळे नऊ माणसांचा नंबर गेला. आठांना परत मिळाला, एकाला नाही. — ह. का. कोळी.' त्याने चहा आणला, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, साखरेसकट. त्या दिवशी कुणी खिदळलं नाही. चहा मात्र सगळ्यांनी दोनदा घेतला.

जूनपासून गणपतीपर्यंत दर पंधरा दिवसांनी हरेश्वर मानखुर्दला जात राहिला. कधी दशरथला साखर तपासायला नेई, कधी नुसताच बसे. नवीन फॉर्ममध्ये 'कोणाचे/कोणाची' असा रकाना आला, आणि त्याच्याखाली 'मूळ गाव'. हे रकाने भरताना म्हातारी माणसं इतकं सांगायला लागली, की ऋतिकाने तक्रार केली, "दादा, एकेक आजोबा जागेत मावत नाहीत." हरेश्वरने जागा वाढवून दिली.

ऑक्टोबरमध्ये, गणपतीनंतरच्या पहिल्या शिबिरात दशरथ सावंतचा उजवा डोळा झाला. पट्टी सुटल्याच्या चौथ्या दिवशी ऑफिसात हरेश्वरचा फोन वाजला. नंबर नातवाचा होता, नवीन.

"हरेश्वरा, तुझी ती वेबसायट बघितलंय."

"कशी वाटली?"

"नाव घालूचा पान झकास. अक्षरा ही मोठी, आंधळ्याकय दिसतली. पण ऑपरेशन झाल्यार काय खावचा, काय टाळूचा, ता पान काय रे ता? मुंगयेची रांग."

हरेश्वरने ते पान उघडलं. खरंच. नोंदणीची सगळी पानं त्याने कमळला दाखवून, मोठ्या अक्षरांत केली होती. शस्त्रक्रियेनंतरचं पान मात्र त्याने बारीक ठेवलं होतं. तोवर माणसाला दिसायला लागलेलं असणार, असं धरून. ज्याचा एकच डोळा झालाय, ज्याला अजून चष्मा मिळायचाय, तो त्याच्या हिशेबात नव्हता.

"बरोबर आहे, काका. चुकलंच."

"मगे लिव फळ्यार," दशरथ म्हणाला. त्याला फळ्याचं सगळं माहीत होतं. "आणि भांडुपच्या दशरथाकय इचार, तेका तरी वाचूक येता काय."

हरेश्वर उठला, पिंपाजवळ गेला आणि मार्कर उघडला. पहिली ओळ लिहून होते न होते, तोच मागे पत्र्याचा आवाज आला. ऋतिका रिकामी किटली घेऊन दारात उभी होती.

"ते पानही मीच वाचलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही सही करा, मी येते घेऊन."